बिनविरोध

शहरं कशी वसली, हा धडा मी वीस-पंचवीस वर्षं शिकवला आणि दरवर्षी सुरुवात एकाच प्रश्नानं केली. माणसं एका जागी गोळा का झाली असतील? पुस्तकातलं उत्तर 'पाणी' असं होतं. आमच्या पोरांचं उत्तर दरवर्षी निराळं. एका वर्षी एक जण म्हणाला, "सर, तिथं बस थांबत असंल." दुसऱ्या वर्षी एकानं सांगितलं, "तिथं लायट जात नसंल." मी कपाळाला हात लावायचो आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात 'पाणी' लिहायचो.

आमची शाळा कर्नाटक सरकारची, माध्यम मराठी, गाव बिदर जिल्ह्यातलं, हळ्ळीखेडच्या बाजाराला जाणारं. एवढं सांगितलं तरी लातूरकडचे पाहुणे डोकं खाजवत बसतात. पोरं घरी मराठी बोलतात, बसमध्ये कन्नड, किराणा दुकानात दखनी, आणि शिव्या तिन्ही भाषांत देतात. समाजशास्त्राचं पुस्तक कन्नडातून मराठीत आलेलं. त्यातली वाक्यं इतकी लांबलचक की शेवटाला येईपर्यंत पोरं आणि मी दोघंही धापा टाकायचो. म्हणून मी पुस्तक मिटून आपल्या पद्धतीनं सांगायचो. पाणी होतं तिथं शेत झालं. धान्य उरलं तिथं बाजार भरला. बाजार भरला तसे चोर आले. चोर आले म्हणून पहारेकरी ठेवला. पहारेकऱ्याला पोटाला घालायचं म्हणून कर बसवला, आणि कर गोळा करणारा माणूस खुर्ची टाकून बसला, ती झाली आपली नगरपालिका! पोरं हसायची. बिदरचा किल्ला सगळ्यांनी सहलीत बघितलेला. सुलतानानं राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली, तिथं जमिनीच्या पोटातून पाणी आणलं, ते मार्ग अजून आहेत, हे सांगताना मलाच चेव चढायचा. शिकवण्यात मी वाईट नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं स्वतःबद्दल बरं बोलावं असं फारसं काही नाही.

त्या वर्षी सहावीत अकरा पोरं होती. त्यांत एक मुलगी होती, कायम उशिरा येणारी. ओल्या झग्यानं दारात उभी राहायची, "येऊ का सर?" म्हणायची आणि बसता बसता प्रश्न विचारायची. तिचा प्रश्न 'कामून'नं सुरू व्हायचा. 'का'ला आमच्याकडं 'कामून' म्हणतात. ह्या पोरीनं तो शब्द इतका वापरला की बाकीची पोरं तिला 'कामूनबाई' म्हणून चिडवायची. तिचा बाप हैदराबादला बांधकामावर. आई शाळेच्या फाटकासमोर लिंबाखाली शिलाई मशीन टाकून बसायची, शाळेचे झगे, बायकांच्या परकर-पोलक्यांची कामं करायची. माझ्या शर्टाची तुटलेली बटणंही तीच लावायची.

मी फळ्यावर 'पाणी' लिहिलं तशी पोरगी उठली.

"सर, पाणी असतंय तिथं गाव वसतं म्हणायलाव ना?"

"व्हय."

"मग आमची गल्ली कामून वसलीय?"

वर्ग हसला. मीही हसलो. तिच्या गल्लीतला नळ कोरडा असायचा. गावाच्या टोकाला बोअरची टाकी, तिथून घागरी आणून झाल्या की मग पोरगी शाळेला सुटायची. उशीर त्याचाच होता, आणि त्याबद्दल मी तिला कितीदा दाराबाहेर उभं केलं होतं. मी म्हणालो, "ते पुढच्या धड्यात येतं. ग्रामपंचायतीच्या." असं म्हणून सुटलो.

पुढचा धडा आला तेव्हा पंचायतीची निवडणूक खरोखरच जाहीर झाली होती. मला वाटलं, आयतीच संधी आली. पोरांना म्हटलं, आज वर्गाची पंचायत निवडायची. अध्यक्ष, पाणीमंत्री, सफाईमंत्री. तुमचं तुम्ही ठरवा, मी येतो. मुख्याध्यापकांनी कसलासा तक्ता भरायला बोलावलं होतं. अर्ध्या तासानं परतलो तर वर्गात हा गोंगाट! एक पोरगा टेबलावर चढलेला, हातात डस्टर.

"पाणीमंत्री! एक वार... दोन वार... कोण चढतंय का वर? तीन वार!" आणि डस्टर आपटला. खडूचा धुरळा उडाला.

पाणीमंत्रिपद दुकानदाराच्या पोराला एका नव्या चेंडूवर सुटलं होतं. अध्यक्षपद त्याच्याही आधी गेलं होतं, बॅटीवर. चेंडू आणि बॅट शाळेच्या नावानं जमा. कोपऱ्यात एक जण वहीत सगळं नीट उतरवून घेत होता. आणि कामूनबाई भिंतीला टेकून रडकुंडीला आलेली. "सर, माझ्याकडं सात जण होते. पर माझ्याकडं चेंडू न्हाई."

माझं डोकं फिरलं. छडी आपटली, ओरडलो, "गाढवांनो, हे काय चाललंय? निवडणूक म्हणालो होतो मी, हर्राशी न्हाई!"

पोरं गोंधळली. खोडी काढल्याचा भाव एकाच्याही तोंडावर नव्हता. मी सांगितलेलं काम त्यांनी मन लावून केलं होतं. वही धरलेला पोरगा म्हणाला, "सर, गावात असंच करत्यात की. देवळात. तुमीच तर लिवत असताव."

हे आता समजावून सांगायला हवं. आमच्या गावात पंचायतीची निवडणूक होतच नाही. निवडणूक लागली की गाव देवळात बसतं आणि एकेक जागा हर्राशीला, म्हणजे लिलावाला काढतं. जो जास्त बोलेल त्याची जागा. पैसा देवळाला. त्या जागेवर दुसऱ्या कुणी अर्ज भरायचा नाही. सरकारदरबारी सगळे बिनविरोध. जुनी माणसं सांगतात, पूर्वी निवडणुकीत भावाभावांत डोकी फुटायची, दारूचा पूर यायचा, त्यापेक्षा हे बरं. आणि देवळातल्या त्या बैठकीचा कागद लिहायला बोलावणं कुणाला? तर मास्तरला. अक्षर चांगलं, कन्नड-मराठी दोन्ही येतं, आणि मास्तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी तीनदा लिहिला होता तो कागद. सकाळी अकराला शाळेत लोकशाही, दुपारी चारला देवळात हर्राशी, आणि दोन्हींमध्ये मला कधी काही खटकलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी पोरांना अर्थासह शिकवायचो.

लाज वाटली, खरंच वाटली. वहीची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या, एकेकाला कपाटाआड पाठवून नाव लिहायला लावलं. मोजल्या. कामूनबाई सात मतं घेऊन पाणीमंत्री झाली. पोरगी इतकी फुलली की तिला हसावं का रडावं कळेना. मी वर्गाला ठणकावून सांगितलं, "ध्यानात ठेवा, हीच खरी पद्धत. एकवीस वर्षांचं कुणीबी उभं राहू शकतं. चेंडू लागत न्हाई." मनाशी ठरवलं, ह्या खेपेला देवळात जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तिची आई मशीन सोडून फाटकातून आत आली. गळ्यात टेप तशीच. पदर सावरत म्हणाली, "सर, पोरगी घरी येऊन म्हणायलीय, कुणीबी हुभं राहू शकतंय. खरं हाय का?"

"खरं हाय, अक्का."

"आमच्या वार्डाची जागा बायकांची हाय म्हणत्यात. मग मी राहू का हुभी? मला काय बी नको. फकस्त नळ पायजे. पोरीचं आर्धं शिक्षण घागरीत चाललंय."

काय सांगू, मला इतका आनंद झाला! वाटलं, चला, आयुष्यात एक धडा तरी शाळेच्या भिंतीबाहेर गेला. दुसऱ्याच दिवशी फॉर्म आणवला. कन्नडातला होता, तिला कन्नड वाचता येत नव्हतं. माझ्या हातानं भरला, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड नाही. सोमवारी पंचायतीत देऊन ये म्हणालो. पोरगी शेजारी उभी राहून एकेक रकाना बघत होती, "इथं काय लिवलाव सर, इथं काय?"

मध्ये रविवार होता. देवळातून सांगावा आला. मी जाणार नव्हतो. बायकोला सांगितलंही, अंग दुखतंय म्हणून सांग. मग चप्पल घालून गेलो. का गेलो? न जावं तर लोक विचारतील, आणि विचारलं तर बोलावं लागेल, म्हणून गेलो. तिच्या वॉर्डाची जागा निघाली. एकानं बायकोच्या नावानं बोली लावली आणि त्याला सुटली. मी पेन सरसावून विचारलं, "वहिनींचं पूर्ण नाव?" गडी विचारात पडला. माहेरचं लिहायचं की सासरचं, ते त्याला माहीत नव्हतं. "मतदार यादीत काय हाय ते बघून उद्या सांगतो," म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, जागा कोरी सोडली आणि पुढची लिहायला घेतली. त्याच जागेचा दुसरा अर्ज मी स्वतः भरून ठेवलाय, हे तोंडातून निघालं नाही. उद्या कळेल त्यांचं त्यांना, म्हटलं. तिचा अर्ज जाईल आणि मी मधे कुठंच नसेन, असा माझा हिशेब होता.

सोमवारी तिनं अर्ज दिला. मंगळवारी शाळा सुटताना गावच्या पुढाऱ्यानं, अप्पांनी, बोलावून घेतलं. अप्पा तसा गोड माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. ओट्यावर बसवलं, चहा मागवला, मोबाईल पुढं धरला. पडद्यावर तिच्या अर्जाचा फोटो.

"मास्तर, हे अक्षर कुणाचं हो?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"झकास अक्षर हाय. गावात असं दुसऱ्या कुणाचं न्हाई. देवळाच्या कागदावर बी हेच हाय." त्यांनी चहा माझ्याकडं सरकवला. "घ्या, निवायलाय. मला राग न्हाई. बाई भोळी हाय, तिला काय कळतंय? पर तुमी तर शिकलेले. गाव करी ते राव काय करी, म्हणत्यात. गावानं एकदा ठरवलं की ठरलं."

मी म्हणालो, "अप्पा, कायद्यानं तिला हक्क आहे."

"हाय की! कोण न्हाई म्हणतंय? माझा आपला एक सवाल. तुमच्या साळंत पोरं किती?"

मी सांगितलं.

"पलीकडं कन्नडाची साळा हाय. गावात इंग्लिशची बस यायलीय. माझा नातू, सरपंचाची पोरगी, दुकानवाल्याचं पोरगं, आमी सगळ्यांनी गावाची मराठी साळा म्हणून अजून तुमच्याकडं ठेवलीत. उद्या गावानं ठरवलं, उचला पोरं, तर साळा राहील का, मास्तर? तुमची तर बदली होईल. त्या शिलाईवालीच्या पोरीनं कुठं जायचं?"

एवढं सगळं अगदी मायेनं बोलले. चहा मी प्यायलो, तेही लक्षात आहे. मग ते आत गेले आणि कोरा कागद घेऊन आले. "अर्ज तुमच्या हातचा, तर माघार बी तुमच्याच हातची बरी दिसंल."

मी लिहिली. एकही खाडाखोड झाली नाही, ह्याचीच मला आजही किळस येते. अर्जाइतकीच सुरेख माघार लिहिली, कन्नडात, खाली सहीला जागा सोडून.

बुधवारी मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर गेलो. ती शाळेच्या झग्याची कॉलर शिवत होती. पोरगी शेजारी पोत्यावर बसून भाकरी खात होती. मी कागद पुढं केला.

"काय लिवलंय सर?"

"की तुम्ही अर्ज मागं घेताय. वैयक्तिक कारणामुळं."

तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "माझं काय कारण हाय, सर?"

"असं लिहायची पद्धत असते, अक्का."

"न्हाई, पद्धत असंल. पर कारण काय सांगू कुणी विचारलं तर?"

मी म्हणालो, गावाचं ऐकावं लागतं. मी म्हणालो, पाण्याचं मी अप्पांशी बोलतो. मी म्हणालो, शाळेच्या हिताचं आहे. हे सगळं एका दमात म्हणालो आणि त्यातलं एकही वाक्य तिच्यापर्यंत पोचलं नाही, हे मला दिसत होतं. ती भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, "सर, तुमी बी तसलेच का?" म्हणाली असती, तर मी कदाचित तो कागद फाडला असता. कदाचित. तिनं बोटं झग्याला पुसली, पेन घेतलं आणि सावकाश सही केली.

"तुमीच भरलं, तुमीच काढायलाव," ती म्हणाली. "तुमाला कळतंय ते बरंच असंल."

खरंच सांगतो, टोमणा नव्हता तो. तिनं मनापासून म्हटलं होतं. माझ्यावर तिचा इतका विश्वास होता की मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

पोरगी भाकरीचा घास हातात धरून बघत होती. म्हणाली, "कामून, सर?"

एवढंच. तिच्या हजार प्रश्नांमधला हा एकच प्रश्न असा होता की त्याचं उत्तर मला पूर्ण ठाऊक होतं. तुझा सर भित्रा आहे म्हणून. मी तिच्यावर वसकन ओरडलो, "सारखं कामून कामून काय गं? सोमवारी चाचणी आहे. जा, धडा पाठ कर!"

ती उठली आणि वर्गात गेली. भाकरी तिथंच राहिली.

पुढं सगळं ठरल्याप्रमाणं झालं. सगळे सदस्य बिनविरोध निवडून आले, हलगी वाजली, गुलाल उधळला. तिच्या वॉर्डाची सदस्यबाई एकदाच पंचायतीत आली, सही करायला. नंतर तिचा नवराच बसायला लागला. पाण्याचं मी अप्पांशी दोनदा बोललो. "बघू की, मास्तर, लई गडबड हाय," म्हणाले. तिसऱ्यांदा बोललो नाही. नळ आला नाही. शाळा मात्र चालू राहिली. म्हणजे मी जे वाचवलं ते हे: पंचायत राज शिकवायची एक शाळा. आई पूर्वीसारखीच मशीनवर बसायची, मी गेलो की "या सर" म्हणायची. माझ्या बाहीचं बटण निघालेलं दिसलं तर "द्या इकडं" म्हणायची. मी महिनाभर बटणाचा शर्ट घातला नाही, टी-शर्टात शाळेला गेलो. लोक हसले, मास्तर म्हातारपणी तरुण व्हायलेत म्हणाले.

ह्या सगळ्याच्या आधीची गोष्ट. त्या सोमवारच्या चाचणीचे पेपर तपासायला घेतले ते शाळेतच, दुपारी, सगळे गेल्यावर. तिचा पेपर मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. कामूनबाईनं जन्मात कधी पुस्तकातलं उत्तर लिहिलं नव्हतं. शहर कसं वसलं ह्याच्या उत्तरात तिनं घागरी आणल्या होत्या, पोलीस ठाण्याच्या उत्तरात तिचा मामा होता. मी तांबडी रेघ मारायचो आणि घरी जाऊन बायकोला वाचून दाखवायचो. ह्या वेळी मला धडकी भरली होती. लिहिली असेल पोरीनं सगळी हकीकत. देऊळ, कागद, माझं नाव. लिहू दे, म्हटलं. निदान एका ठिकाणी तरी खरं लिहिलेलं राहील. मनातून मी तीच वाट बघत होतो.

पेपर उघडला. 'ग्रामपंचायतीचे सदस्य प्रौढ मतदान पद्धतीने व गुप्त मतदानाने निवडले जातात. एकवीस वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती निवडणुकीस उभी राहू शकते. ग्रामपंचायत गावाला शुद्ध पिण्याच्या पाण्याचा पुरवठा करते.' ओळीत ओळ, शब्दात शब्द. काना-मात्रेची चूक नाही. तीनदा वाचला. शोधून शोधून पाहिलं, कुठं एखादा 'पर', कुठं एखादा 'कामून'. नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले. वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं आणि विचारलं, "हे जे लिहिलंस, ते तुला खरं वाटतं का गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, रुसवा नव्हता. दुकानात उधार नाकारणाऱ्या माणसाकडं मोठी माणसं बघतात तसं बघितलं, आणि म्हणाली, "खरं-खोटं मला काय म्हाईत, सर? तुमी पाठ कर म्हणलाव, मी केलं."

दप्तर उचलून ती गेली. मी तिला पैकीच्या पैकी दिले होते. कापणार तरी कशाचे?